न झाडलेला कोपरा : मुलुंडच्या बागेतली पावसाळी नोंदवही, २०२५

२५ मे, रविवार

वही आजपासून सुरू. दुसऱ्या मजल्यावरची पोरगी जूनमध्ये सातवीत जाईल. शाळा उघडली की ‘परिसरातील सजीव’ असला काहीतरी प्रकल्प मागतातच, तो सुट्टीतच उरकून टाकू, असा तिच्या आईचा हिशेब. मी सोसायटीच्या बाग समितीची अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य, त्यामुळे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

बाग म्हणजे काय, तर कंपाऊंडची भिंत आणि पार्किंग यांच्यामध्ये उरलेली पंचेचाळीस बाय अठरा फुटांची पट्टी. एक जुनं आंब्याचं झाड, तगरीचं कुंपण, लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी, एक अनंत. मागच्या कोपऱ्यात माळीकाका पालापाचोळा ढकलून ठेवतात. तो शनिवारी पोत्यात भरून जातो. पश्चिमेला डोंगर दिसतो, त्यावर नॅशनल पार्कचं जंगल. इमारत १९७८ ची, बाग तेव्हाचीच. आजवर बागेबद्दल सोसायटीत एकच तक्रार ऐकली आहे, ती म्हणजे कचरा पडतो.

नियम ठरवले : दिसलं काय, कुठे, किती वाजता, कोणाला. नाव माहीत नसेल तर ‘अनोळखी’ लिहून जागा सोडायची, ठोकून द्यायचं नाही. पोरीचं म्हणणं, दहा सजीव मिळाले की झालं. पहिल्याच अर्ध्या तासात कावळा, खार, डोंगळे, पाल, लालबुड्या बुलबुल आणि वॉचमनदादांच्या खुर्चीखालचं मांजर असे सहा झाले. “काकू, हे तर सगळ्यांकडे असतं,” म्हणाली आणि वर निघून गेली.

२६ मे

वेधशाळेने आज मान्सून मुंबईत आल्याचं जाहीर केलं. एरवीची तारीख ११ जून. १९५० पासून इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता म्हणे. माळीकाकांनी खतं आणलेलीच नाहीत. बागेत आज नोंद एकच : सगळं ओलं.

२९ मे, रात्री साडेनऊ

टॉर्च घेऊन खाली गेलो आणि पोरीने पहिल्यांदा आकडा मोजला. गोगलगाई त्रेचाळीस. लिंबाच्या दगडकठड्यापासून झेंडूच्या वाफ्यापर्यंत. सगळ्या एकाच जातीच्या, बोटभर लांब टोकदार शंख, त्यावर तपकिरी पट्टे. झेंडूची रोपं देठापासून साफ.

ही आपली नव्हे. आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय. १८४७ मध्ये कोणा हौशी साहेबाने ती कोलकात्याच्या बागेत सोडली, तिथून पसरत सगळीकडे पोहोचली. पोरीला तिचं कौतुक वाटत होतं, हातात घ्यायला निघाली, म्हणून ओरडावं लागलं. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी या गोगलगाईतून माणसात येऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. तेव्हा हातमोजे घालायचे, चिमटा वापरायचा, नंतर साबणाने हात. मिठाच्या पाण्याची बादली मीच भरली आणि पोरीला वर पाठवलं. ‘सजीव निरीक्षण’ म्हणून सुरू केलेल्या वहीत पाचव्याच दिवशी त्रेचाळीस जीव मारल्याची नोंद. लिहून ठेवते, कारण तसं झालं.

८ जून, रविवार

मृग लागला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आज मृगाचा किडा शोधा. गावाकडे पहिल्या पावसात मातीवर लाल मखमलीचे गोळे चालताना दिसत, मुली ते काड्यापेटीत ठेवत. त्याला किडा म्हणत असले तरी पाय आठ, म्हणजे नात्याने तो कोळ्याच्या घरातला. आम्ही तासभर माती उकरली. नाही मिळाला. गांडुळं, पैसा-किडे, एक गोम. पैसा शिवल्याबरोबर वेटोळं करून नाण्यासारखा झाला, पोरीने तो ‘सव्वा रुपया’ म्हणून नोंदवला. खोडायला लावलं नाही.

मृगाचा किडा : शोधला, नाही. हीसुद्धा नोंदच.

१५ जून

आजची नोंद लांब आहे, कारण आज मी स्वतः फसले.

आंब्यावर ओंबील आहेत, लाल मुंग्या. आजींच्या मालवणीत हुमले. पानं एकमेकांना शिवून घरं करतात. शिवायला धागा लागतो, तो त्यांच्या अळ्यांकडून घेतात. एक मुंगी अळीला तोंडात धरते आणि या पानावरून त्या पानावर टेकवत नेते, आपण फेविकॉलची ट्यूब फिरवावी तशी. गेली पंधरा वर्षं मी या घरांना ‘आंब्यावरची घाण’ म्हणत होते आणि दर मार्चला माळीकाकांकडून काठीने पाडून घेत होते.

पोरगी खालच्या फांदीकडे बघत म्हणाली, “काकू, ही मुंगी दोरीवर लटकलीय.” मी म्हटलं, मुंगी लटकत नाही, पडत असेल. “नाही, वर चढतेय. धागा तिच्याच पोटातून येतोय.”

भिंग लावलं. रंग तोच, तांबूस पिवळा. चाल तीच, थांबून थांबून. कमरेला दोन ठिकाणी चिमटा, म्हणजे डोकं, छाती, पोट असे तीन भाग अगदी मुंगीचे. पुढचे दोन पाय हवेत उचलून ती मुंगीच्या मिशांसारखे हलवत होती. पाय मोजले तर आठ. समोरून पाहिलं तर दोन मोठे गोल काळे डोळे सरळ आमच्याकडे. उड्या मारणारा कोळी मुंगीचं सोंग घेऊन मुंग्यांच्याच झाडावर राहतो! ओंबील चवीला आंबटजहाल असतात आणि चावतातही कडकडून, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि त्या भीतीचा फायदा हा बहुरूपी फुकटात घेतो. गंमत म्हणजे खऱ्या मुंग्यांना तो स्वतः टाळतो. एक मुंगी दोन बोटांवर आली तशी ह्याने पानाच्या कडेवरून धागा टाकून खाली उडी घेतली. तीच ती ‘लटकलेली मुंगी’.

पोरीला सांगितलं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या नावानेही उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक जात आहे, आयसियस तुकारामी. २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि सापडली कुठे, तर आपल्या शेजारी, ठाण्यात. तिने विचारलं, “मग आपल्या बागेत पण नवीन असेल?” सांगता येत नाही म्हटलं. तेव्हापासून ती प्रत्येक कोळ्याचे पाय मोजते. कोळी म्हटल्यावर आठ असणारच, तरी मोजते.

प्रकल्पातले दहा सजीव आज पूर्ण झाले. तिने विषय काढला नाही, मीही नाही.

२२ जून

तगरीच्या कुंपणाखाली पेव्हर ब्लॉकवर काळ्या गोळ्या. मिऱ्यांएवढ्या, खाचा पाडलेल्या. वॉचमनदादांचं मत उंदीर. पण उंदीर वरून लेंड्या टाकत नाही, आणि गोळ्यांच्या बरोबर वरच्या फांदीला एकही पान नाही, नुसत्या काड्या.

शोधायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती पहिल्यापासून डोळ्यासमोरच होती. बोटाएवढी जाड अळी, हिरवी म्हणजे तगरीच्या पानाचीच हिरवी. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके ओळीने, मागे आखूड पिवळं शिंग. पोरीने फांदी जरा वाकवली तशी अळीने मान आत दुमडून खांदे फुगवले, आणि तिथे दोन निळे डोळे उघडले. पोरगी एक पाऊल मागे. मीही. काळ्या काठाचे निळेपांढरे ठिपके नुसते, पण कोणीतरी रोखून बघतंय असंच वाटतं.

कण्हेरीच्या पतंगाची अळी, इंग्रजीत ओलिअँडर हॉकमॉथ. कण्हेर आणि तगर विषारी चिकाची झाडं, हिला त्याचं काही नाही. रात्रभरात एक फांदी खाते. बी विंगमधल्या काकांनी वरून विचारलं, “औषध मारू का?” म्हटलं, दहा दिवस थांबा, तगर मरत नाही.

२६ जून

अळी पार्किंगमध्ये! सकाळी साडेसातला, गाड्या निघायच्या वेळेला. पण ही हिरवी नव्हती, विटकरी-तपकिरी, पाठ काळपट. आधी वाटलं दुसरीच. कोष करायची वेळ आली की तिचा रंग उतरतो आणि ती झाडावरून उतरून जमिनीवर पालापाचोळा शोधत फिरते. आमच्याकडे पालापाचोळा पोत्यात भरून गेलेला, म्हणून ती पेव्हरवरून चालत चालत एका स्कूटरच्या चाकापर्यंत आली.

हे मला आजवर सुचलं नव्हतं. सगळी अळी वाचवायची आणि जमीन लख्ख झाडायची, म्हणजे सगळं केलं आणि ताट काढून घेतलं.

श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात माती, सुकी पानं, वर मच्छरदाणीचा तुकडा. खिडकीत ठेवलाय. संध्याकाळपर्यंत तिने पानं धाग्याने सैलसर बांधून घेतली.

३ जुलै

सोसायटीने नेमलेला फवारणीवाला आला होता. कळवलं नव्हतं. मी कामावर. पावसाळ्यात डेंग्यू म्हणून फवारणी ठरलेली, ते ठीक. पण त्याने झाडांची पानं धुतल्यासारखी भिजवली. लिंबावर लिंबाळी फुलपाखराच्या सहा अळ्या होत्या, दोन मोठ्या हिरव्या आणि चार लहान, पक्ष्याची शीट वाटावी अशा काळ्यापांढऱ्या. सहाही खाली. एक अजून हलत होती. डोक्यामागची नारिंगी दुभंगी शिंगं बाहेर काढलेली, ती घाबरली की काढते आणि उग्र वास सोडते. औषधापुढे वासाचा काय उपयोग.

डेंग्यूचे डास होतात कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात. बश्या मोजल्या : अकरा, सगळ्या भरलेल्या. फवारणीवाल्याने एकही उपडी केली नव्हती. मी केल्या. सेक्रेटरींना पत्र दिलं, प्रत वहीत चिकटवली आहे.

१० जुलै

कोष पंधरवड्यापूर्वीचा. सकाळी डब्यात खडबड. पतंग बाहेर आला तेव्हा पंख म्हणजे खिशात विसरलेल्या तिकिटाचे चुरगळलेले तुकडे. मच्छरदाणीला उलटा लटकला. पाऊण तासात पंख उलगडले. हिरव्यात गुलाबी, फिकट, गडद, पुन्हा हिरवं, जुन्या इमारतीच्या जिन्यातल्या मार्बलसारखं. पोरीने शाळेला दांडी मारायची परवानगी मागितली, मिळाली नाही. पतंगाने मात्र तिची वाट पाहिली, दिवसभर हलला नाही.

संध्याकाळी सात वाजता पंख थरथरवायला लागला, न उडता, नुसते. उडण्याआधी स्नायू तापवून घेतात हे. मिनिटभर मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारखा आवाज, मग गेला. आंब्याच्या डावीकडून, फ्लायओव्हरच्या दिशेने.

२४ जुलै, दीप अमावास्या

जुलैअखेर जगभर पतंग सप्ताह पाळतात आणि यंदा त्यातच अमावास्या आली. अंधारी रात्र हवीच होती. आजींनी घरात दिवे पुजले, आम्ही गच्चीवर पांढरी चादर टांगली. बी विंगच्या काकांनी (हो, तेच औषधवाले) माळ्यावरून मर्क्युरीचा जुना दिवा काढून दिला. एलईडीवर किडे फार येत नाहीत, त्यात अतिनील प्रकाश जवळजवळ नसतोच.

आठ ते अकरा. पंख फुटलेली वाळवी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त. मग एक तळहाताएवढा तपकिरी, पंखावर घुबडाचा डोळा काढलेला. एक इंग्रजी टी अक्षरासारखा, काडीच वाटतो. बाकी बरेचसे नखाएवढे, त्यातल्या एकवीस जणांपुढे ‘अनोळखी’. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांच्या नोंदी ठेवून नाव शोधायला मदत करणाऱ्या संकेतस्थळावर, टाकले आहेत.

चादरीवर बसण्याआधी ते दिव्याभोवती कसे फिरतात हे आज नीट पाहिलं. २०२४ च्या जानेवारीत एक संशोधन आलं होतं की किडे दिव्याकडे झेप घेतच नाहीत. उजेड म्हणजे आकाश, आकाशाकडे पाठ करायची ही त्यांची उपजत सवय, म्हणून पाठ दिव्याकडे वळवत राहतात आणि अडकून फिरतात. एकदा माहीत झाल्यावर ते तसंच दिसायला लागलं. दिव्याच्या वर गेलेला पतंग चक्क उलटा होऊन खाली पडत होता.

दोन पालींनी चादरीवरून यथेच्छ जेवण केलं. अकराला दिवा बंद.

३० जुलै

काल नागपंचमी झाली, अर्ध्या बिल्डिंगने पाटावर नाग काढून दूध-लाह्या वाहिल्या. आज सकाळी ए विंगच्या जिन्यात हातभर साप, आणि त्याच अर्ध्या बिल्डिंगने काठी शोधली. ‘मण्यार, मण्यार’ असा गलका.

मी तीन पायऱ्या वर उभी राहून मोबाइलवर झूम केलं. पट्टे मानेपासूनच सुरू, पुढे रुंद, शेपटीकडे पुसट. मण्यारीचं उलट असतं : मान कोरी, बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक. हा कवड्या. बिनविषारी, पाली खातो आणि पालींसाठी भिंती चढतो. आमच्या जिन्यात पाली किती, हे मोजायलाच नको. तरी माझ्या झूमवर कोणाच्या पायाची जबाबदारी घ्यायची नव्हती. वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. तासाभराने सर्पमित्र आले, कवड्याच निघाला. पोरगी शाळेत होती, याचं तिला अजून वाईट वाटतं.

१९ ऑगस्ट

काल आणि आज पाऊस. शाळा बंद, लोकलचे हाल. आंब्याची एक फांदी पडली, तिच्यासोबत ओंबिलांचं एक घर. संध्याकाळी पाहिलं तर मुंग्या अळ्या तोंडात धरून खोडावरून वर चालल्या होत्या.

२४ ऑगस्ट

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे सव्वापाचला : ‘बिबट्याचे पिल्लू!! मुलांना खाली सोडू नका.’ सोबत सीसीटीव्हीची क्लिप, पार्किंगच्या पत्र्यावरून काहीतरी लांब शेपटीचं चाललंय. इथे कोणी हसलं नाही. जंगल एवढं जवळ आहे की बिबट्या हा चेष्टेचा विषय नाही.

क्लिप चार वेळा पाहिली. पाय आखूड, तोंड निमुळतं, शेपूट अंगाएवढी. उदमांजर. दुपारी गच्चीवर टाकीमागे पुरावाही मिळाला, विष्ठेत फळांच्या बियाच बिया. चिकूच्या निघाल्या. आपल्या आवारात चिकू नाही, शेजारच्यांकडे आहे. म्हणजे जेवण तिकडे, बाकीचं इकडे. ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, “पण ते मोठं होऊन बिबट्या होत नाही ना?”

७ सप्टेंबर

प्रकल्पाचे गुण मिळाले. दहापैकी सात. शेरा : ‘चित्रे चिकटवलेली नाहीत.’ स्टेशनरीच्या दुकानात दहा रुपयांना सजीवांचा तक्ता मिळतो, त्यातला वाघ, मोर, हत्ती कापून लावायचे होते. हिने मुंगीचं सोंग घेतलेला कोळी स्वतः काढला होता, आठही पाय मोजून. पोरगी रडली नाही. म्हणाली, “आता ही वही आपली ना? मग ‘अनोळखी’ पण लिहिता येतील.”

१४ सप्टेंबर

कढीपत्त्यावर एक कोष, बहुरूपी फुलपाखराचा असावा. आठवडाभर लक्ष ठेवून होतो. आज काळपट पडला, एका बाजूला सुईने टोचल्यासारखं भोक, आणि त्यातून एकामागून एक चिलटाएवढ्या गांधीलमाश्या. पोरीने मोजल्या, बावन्नपर्यंत मोजून सोडून दिलं. फुलपाखरू आतल्या आत त्यांचं जेवण झालेलं. “पण मग ह्या पण सजीवच,” ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

२१ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा. लिफ्ट, पार्किंग, गळती, पुन्हा पार्किंग. बाग शेवटच्या विषयात, तेव्हा निम्मे लोक वडापाव घेऊन उठलेले. माझी मागणी : मागचा सहा बाय आठ फुटांचा कोपरा वर्षभर झाडायचा नाही, आणि झाडांवर फवारणी नाही.

आक्षेप पहिला, डास. उत्तर, सुक्या पानांत नव्हे, पाण्यात. अकरा बश्यांची गोष्ट सांगितली. आक्षेप दुसरा, साप. याला उत्तर म्हणून काय बोलावं सुचेना, कारण येऊ शकतो. तेवढ्यात आजी उठल्या आणि म्हणाल्या, तो जिन्यात आला होता, बागेत नाही, मग जिना पाडायचा का. ठराव मंजूर, एका वर्षासाठी. अट : पाटी लावावी, म्हणजे पाहुण्यांना वाटायला नको की आमच्याकडे झाडलोट होत नाही. पाटीच्या मजकुरावर वीस मिनिटं गेली.

१२ ऑक्टोबर, रविवार

उकाडा. संध्याकाळी गच्चीवर चतुरांचा थवा, डोक्यापासून तिसऱ्या मजल्याच्या उंचीएवढ्यापर्यंत, पिवळसर, बसायचं नावच नाही. भटके चतुर. पावसाळा संपताना हे वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतात, मालदीववरून पूर्व आफ्रिकेकडे. पोरीने एकाकडे बोट दाखवून विचारलं, हा पण जाणार? माहीत नाही म्हटलं. तिने लिहिलं : ‘चतुर, अंदाजे दोनशे, आफ्रिका (?).’

खाली उतरताना वॉचमनदादांनी हाक मारली. तगरीखाली पुन्हा काळ्या गोळ्या. कुंपणाच्या या टोकापासून त्या न झाडलेल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं : नऊ फूट चार इंच. मध्ये पेव्हरचे तीन ब्लॉक आडवे येतात. ते उद्या माळीकाकांना काढायला सांगायचे आहेत.